बारा सेकंद

हुक्केरीच्या अलीकडे, तंबाखू काढून झालेल्या रानात
आम्ही जमीन ऐकायला बसतो.
दस्तगीरची गाडी पोटाखालचा पाट मातीवर दाबते
आणि थरथरते. आधी जाड,
मग बारीक बारीक होत गेलेला आवाज.
पहिल्या दिवशी बांधावरच्या शेळ्यांनी कान टवकारले.
तिसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

भरमू जिओफोन पुरत जातो.
एकेका डबीत तीन कान:
एक उभा, दोन आडवे, काटकोनात.
डबीवरचा बाण उत्तरेला हवा,
त्याला शिकवलेलं एवढंच.
"उत्तर यल्लैती?" निंगव्वा बांधावरून विचारते.
"त्येच हुडकूलालोय की," भरमू म्हणतो.
दोघंही हसतात.
शब्द दोन्ही भाषांत तोच,
दिशाही तीच, जबाबही तोच.

खाली दोन लाटा जातात.
पहिली पुढच्याच्या पाठीत धक्का देत,
बाजारच्या बोळात माणसं सरकतात तशी.
दुसरी आडवं अंग हलवत,
चालत्या बैलाचं वशिंड डुलतं तशी.
पहिली दगडाच्या भोकाभोकांत विचारते, काय भरलंय?
पाणी, तेल, वायू.
वायू लागला की पाय ओढते.
दुसरीला त्याचं काही नाही,
ती फक्त दगडाची हाडं चाचपते.

दोघींचे वेळ शेजारी मांडायचे,
एकाला दुसऱ्याने भागायचं,
मग खडकाच्या पोटातलं थोडं कळतं.
थोडंच.

दुसरी उशिरा पोचते.
माझे पहिले साहेब सहाव्या सेकंदाला मशीन बंद करायचे.
"ऐकायचं ते ऐकून झालं," म्हणायचे, चहा मागवायचे.
ती तेव्हा वाटेत असायची.

परवा रात्री संकेश्वरच्या लॉजवर रेकॉर्ड उघडले
तर सातव्या रांगेतले चोवीस फोन
भलतंच सांगत होते,
सगळे मिळून, अडतीस अंश पश्चिमेला कललेले.
मी भरमूवर ओरडले.
तो टोपीशी चाळा करत उभा.
"इंजनाजवळ काटा गरगर फिरूलाला, बाई.
मग म्हातारीला इचारलं."
निंगव्वाने हात करून दाखवलं होतं
कागलकडे.
थोरली बहीण तिकडे दिली आहे तिची,
सत्तर वर्षं ती त्याच दिशेला उत्तर म्हणते.

फिरवता येतं. गणितात आडव्या दोन कानांना
हवं तितकं फिरवता येतं.
अडतीस अंश मागे आणले
आणि सातव्या रांगेत, खोलवर, एके जागी
दुसरी लाट दोन झालेली दिसली.
खडक तिथे चिरलेला असणार.
चिरांच्या कडेकडेने गेलेली आधी आली,
चिरा ओलांडत आलेली मागाहून,
चाळीस मिलिसेकंदांनी.
मी पेन्सिलीने खूण केली. समोर लिहिलं: बघू.
भरमूला सांगितलं नाही, अजून राग होता.

सकाळी निंगव्वा तांब्याभर ताक घेऊन आली.
तेल लागलं का, हे विचारलंच नाही तिने.
तिच्या बोअरला पाणी किती फुटावर लागेल, म्हणाली.
मी मला येणारा एकमेव शब्द उच्चारला, "गोत्तिल्ल."
दस्तगीरने त्याचं मोठं करून तिला सांगितलं.
काय सांगितलं कोण जाणे, ती मान हलवत राहिली
आणि तांब्या परत न मागता गेली.

अजून चार रांगा उरल्यात.
मी बाराव्या सेकंदापर्यंत बसते.
शेवटच्या दोनांत सहसा काहीच नसतं,
वारा, नाहीतर हायवेवरची एखादी गाडी.
आज रेघा सपाट होत आल्या होत्या
आणि तिसऱ्या डबीपाशी एक रेघ जराशी हलली,
थांबली, पुन्हा हलली.
माझा हात बटणावरून मागे आला.
भरमू खिडकीतून डोकावला, रानाकडे बघत म्हणाला,
"निंगव्वा हाय, बाई. बांध ओलांडूलाली."